गोष्टीतल्या माणसाचं नाव

“आणि मावशी, केळी घेऊन निघालेल्या माणसाचं नाव काय होतं?” विशाखानं परत इचारलं.

सरूबाईनं मनगट चोळलं. सकाळी आठला पडेगावहून निघालेली बाई, आता दुपारचा एक वाजत आला व्हता. आधी हाडांच्या मशीनवर उताणं निजवलं. मग रगत काढलं. मग ह्या खोलीत आणून बसवलं. छातीच्या कॅन्सरच्या औषधांनी बायांची हाडं किती झिजतात आन् डोकं किती विसरतं, ह्याचा अभ्यास विशाखा ह्या दवाखान्यात करत व्हती. तिनं सरूबाईला एक इवलीशी गोष्ट सांगितली. अर्धा तास दुसरीच कामं लावली. आन् आता म्हणत व्हती, तीच गोष्ट मला परत सांगा.

गोष्ट तशी काहीच नव्हती. एक माणूस पडेगावहून केळी घेऊन क्रांती चौकात जातो, पिशवी फाटते, दुकानदार त्याला गोणी देतो. संपली.

सरूबाईनं ती सांगितली बी. पिशवी फाटली, केळी चौकभर सांडली, त्यावरून हवालदार घसरला, हवालदारावर रिक्षा घसरली, रिक्षात वऱ्हाड व्हतं, ते नवरदेवासकट घसरत घसरत पार रेल्वे टेशनापत्तर गेलं.

“मावशी, हे गोष्टीत नव्हतं.”

“तुझी गोष्ट लई रोडकी व्हती गं. जरा अंग धरायला लावलं तिला.”

विशाखा हसली. पर कागदावरचा नावाचा चौकोन मोकळाच व्हता, आन् सरूबाईचा डोळा त्याच चौकोनावर व्हता.

घरी दोनदा दूध उतू गेलं व्हतं. दुसऱ्या टायमाला गॅस विझला आन् घरभर वास सुटला. सून मोनिका रागावली नाय, भ्याली. म्हणली, “आई, दवाखान्यानं ‘विसरतात’ असं लिहून दिलं, तर ह्यापुढं गॅसला हात लावायचा नाय.” एका अंगाची छाती गेली व्हती. केस गेले, ते परत आले. गोळी अजून तीन वर्षं सरणार नव्हती, आन् तिच्यापायी मनगटं, गुडघं रातंदिस ठणकायचे. एवढं समदं जाऊन सरूबाईकडं आपलं म्हणावं असं सैपाकघर तेवढं उरलं व्हतं.

“नाव, मावशी?”

सरूबाईनं पदर सारखा केला. मान खाली घातली.

“ते नाय घेता येत.”

“का?”

“आमच्या मालकाचं नाव हाय ते.”

विशाखाचा पेन थांबला. तिची आजी बी आजोबाला ‘आवं’ म्हणूनच हाक मारायची. “मग उखाण्यात घ्या की!”

“उखाणा संक्रांतीला. हळदीकुंकवाला. आता भर उन्हाळ्यात संक्रांत कुठून आणू?” सरूबाईला जोर चढला. “आन् माझा उखाणा म्हंजी काय दोन ओळींचा नसतो. वेरूळच्या लेण्यात सुरू व्हतो, आन् नाव येईस्तवर बाया घरी जाऊन भाकरी टाकून परत येतात. यंदा दात दुखत व्हता, म्हणून घेतला नाय, तर आळीतल्या बाया अजून रुसल्यात माझ्यावर.”

विशाखानं चौकोनात बरोबरची खूण केली. मग तिलाच काय वाटलं, तिनं पडद्याकडं तोंड करून आवाज दिला, “काका, तुमचं नाव काय हो?”

पडद्याबाहेर बाकड्यावर सरूबाईचा मालक बसला व्हता. सकाळपासून तितंच. बाकडं कुरकुरलं.

“रामकिसन,” तो म्हणला.

गोष्टीतल्या माणसाचं नाव तेच व्हतं. विशाखानं समाधानानं कागद उलटला. मागं सकाळचा संमतीचा कागद व्हता. खाली नातेवाइकाच्या जागी मालकाची सही, एकमेकाला चिकटलेल्या मोठ्या अक्षरांत. मोतीराम.

तिनं पेन खाली ठेवला. “काका, आत या.”

मोतीराम टोपी हातात घेऊन आत आला. बायकोकडं बघितलं नाय. “बाहेर समदं ऐकू येतं, बाई,” तो म्हणला. “चूल तिची हाय. तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

विशाखानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“हा कागद तुमच्या घरी जाणार नाही,” विशाखा हळू म्हणली. “सुनेला मीच सांगते, गॅस बंद करायची आठवण कशी ठेवायची ते. पण मावशी, तुमच्याआधी ह्या खुर्चीवर दीडशे बायका बसल्या. कुणी म्हणाली झोप झाली नाही, कुणी म्हणाली चष्मा घरी राहिला. सगळ्यांनी झाकलं. मग वरचे मोठे डॉक्टर म्हणणार, औषधानं काही होत नाही, बायकांची वयंच झालीत. पुढच्या बाईला विसरायला लागलं तर तिला वाटणार, मला वेड लागलं. तुम्हालाही तसंच वाटत होतं ना?”

सरूबाई खिडकीबाहेर बघत बसली. आता तिच्या अंगात एक बी गोष्ट उरली नव्हती. मोतीरामनं कोपऱ्यातला स्टूल वढला आन् तिच्याजवळ टेकला.

“खोड ती खूण,” सरूबाई म्हणली.

विशाखानं खोडली.

“आन् आणिक एक लिही, पोरी. संक्रांतीला माझा दात दुखत नव्हता. चाळीस बाया तोंडाकडं बघत व्हत्या, आन् मला ह्यांचं नावच आठवंना.”