ऑर्विलने गाव सोडू नये

"अध्यक्ष महाराज, माझा ठराव असा, की ऑर्विल पीझलीने हे गाव कधीही सोडू नये!"

अडेलिया पीझली ठणकावून बोलली. समोर खुर्चीत बसलेले अध्यक्ष म्हणजे खुद्द ऑर्विल, तिचा नवरा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या त्या गावाची मार्चमधली वार्षिक सभा 'आयत्या वेळच्या विषयां'पर्यंत आली होती. बाहेर कमरेइतका बर्फ साचला होता.

"अनुमोदन!" मागून दोघेतिघे ओरडले. अनुमोदन मिळालं, म्हणजे चर्चा आलीच. कुणीतरी दुरुस्ती सुचवली, 'कधीही'च्या जागी 'उन्हाळ्यात' घाला. त्या दुरुस्तीवर दुसऱ्याने दुरुस्ती आणली, ऑर्विल गेलाच तर त्याचं बर्फ काढायचं यंत्र मला द्या. दोन्ही पडल्या.

ऑर्विल टोमॅटोसारखा लाल झाला. घरी तो बायकोचं एक वाक्य पुरं होऊ देत नसे. इथे तोंड बांधलेलं. अध्यक्षाने वाद घालायचा नसतो. मतं समसमान पडली, तरच त्याला मत.

मतं समसमान पडली.

ऑर्विल बायकोकडे वळून म्हणाला, "ठरावाच्या बाजूने. अगं, उभ्या जन्मात पहिल्यांदा तुझं पटलं मला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अडेलिया मटकन खाली बसली.

"थेल्मा, घात झाला गं," ती शेजारी बसलेल्या गावच्या सचिवबाईच्या कानाशी लागली. "मला फ्लोरिडाला जायचंय! या थंडीत गुडघे गेले माझे. मी डावं म्हटलं की हा उजवं म्हणतो, म्हणून तर 'राहा' म्हटलं. पोहायचा पोशाखसुद्धा घेतलाय. आत्ता स्वेटरच्या आत घातलाय!"

"मग ठरावाचा पुनर्विचार माग. पण तो हक्क जिंकलेल्या बाजूलाच असतो."

"मेलं माझं नशीब!"

"अगं, जिंकलीस तूच की!"

अडेलिया पुन्हा उभी राहिली. पुनर्विचार मागितला आणि खरं काय ते सगळं सांगून टाकलं, पोशाखासकट. अनुमोदन कुणीच देईना. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडणार?

खुर्चीतल्या माणसाला अनुमोदन देता येत नाही. ऑर्विलने अध्यक्षाचा हातोडा थेल्माच्या हाती दिला, खाली उतरला आणि बायकोशेजारी बाकावर येऊन बसला.

"माझं अनुमोदन," तो म्हणाला. "पण मी विरोधात बोलणार आहे. तुझं बोलून झाल्यावर."