दोन माणसं वजा

"जगाच्या पाठीवर कुठल्याही देशातला महिन्याचा खर्च इथं बसून काढता येतो," श्रीपादरावांनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं. "फक्त काढणारा माणूस रेल्वेत इंजिनिअर असायला हवा."

हाच माणूस सकाळी गोमती नगरच्या बाजारातून वीस रुपयांची कोथिंबीर विकत घेऊन आला होता. लखनौचा सब्जीवाला ती पिशवीत फुकट टाकतो, हे निवृत्तीनंतरही त्यांच्या कानावर आलं नव्हतं. चारुलताबाईंनी कोथिंबीर न बोलता फ्रीजमध्ये ठेवली. आज बोलायचं तर ते दुसऱ्या कशावर तरी, असं त्यांनी ठरवलं असावं.

वेदिकासमोर लॅपटॉप उघडा होता. कॉर्क शहरातल्या औषध कंपनीला आज पाच वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि साडेचार होऊन गेले होते. जानकीपुरमच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आयर्लंडला जायचं की नाही, ते बाबांच्या अंदाजपत्रकावर ठरणार होतं. अट तिनंच मान्य केली होती. महिनाअखेर एक युरो जरी उरला तरी जायचं, खड्डा पडला तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. दिवसभर औषधं मिलिग्रॅममध्ये तोलणारी मुलगी. आकडे आपल्या बाजूनं बोलतील याची तिला खात्री होती. शिवाय बाबांचा लौकिक होता. उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्या पुलाच्या अंदाजात सिमेंटचं एक पोतं वाढवून धरलं नव्हतं, आणि म्हणूनच दिवाळीला कुणी कंत्राटदार त्यांच्याकडे मिठाई पाठवत नसे.

"बाबा, जल्दी करो ना यार," ती म्हणाली.

अंदाजपत्रकाला घाई चालत नाही, असं सांगून त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. भाडं, किराणा, वीज आणि हीटर, औषधं, बस, फुलं, संकीर्ण. प्रत्येक बाबीनंतर ते थांबत, जणू कुणी हरकत घेणार आहे. वेदिका हरकत घेऊ शकत नव्हती. दर तिनंच इंटरनेटवरून काढून दिले होते. बेरीज वाढत गेली तशी ती खुर्चीत पुढं सरकत गेली.

"हातात पडणार सत्तावीसशे. खर्च एकतीसशे पासष्ट," श्रीपादराव म्हणाले. "खड्डा चारशे पासष्टचा."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायची गरज नसताना पुसला. वेदिकानं कीबोर्डवरचा हात मागं घेतला. शब्द दिला होता.

"तांदूळ किती धरलाय?" चारुलताबाईंनी विचारलं. त्या मटार सोलत होत्या, मान वर न करता.

"दहा किलो."

"दहा किलो आपल्याला लागतो. तिघांना."

वेदिकानं कागद ओढून घेतला. फुलं होती ती देवाची, रोजची. हीटर दोन होते, त्यातल्या एकापुढं 'गुडघे' असं लिहिलं होतं. भाडं दोन खोल्यांचं होतं, आणि दुसरी खोली दक्षिणेची हवी, उन्हाची, अशी टीप होती. तिचे गुडघे तर उत्तम होते.

"ये गोलियाँ किसकी हैं, बाबा? बीपीवाली?"

"माझी," ते म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलं नाही.

"आप लोग आ रहे हो क्या?"

श्रीपादराव गोंधळले. तसं कुणीच ठरवलं नव्हतं. झाशी, गोरखपूर, इज्जतनगर, लखनौ. प्रत्येक बदलीला जो कागद निघे त्यावर कर्मचारी, कुटुंब आणि सामान असंच छापलेलं असे.

"बदलीचं अंदाजपत्रक कुटुंबासकटच करतात," ते म्हणाले. "एकट्याचा नमुना आमच्याकडे नव्हता."

त्यांनी मुद्दाम आकडे फुगवले असते तर वेदिकाला भांडता आलं असतं.

"मग दोन माणसं वजा करा," चारुलताबाई म्हणाल्या. शेंग त्यांच्या बोटांत तशीच होती.

पाचला दहा मिनिटं होती. श्रीपादरावांनी कागद परत मागून घेतला आणि ते पेन्सिलीनं एकेक बाब खोडायला लागले. फुलं गेली. गोळ्या गेल्या. दक्षिणेची खोली खोडताना टोक तुटलं, तेव्हा ते उठले, ब्लेड शोधून आणलं, पेन्सिल तासली आणि ती रेघ पुरी केली. अर्धवट खोडलेला कागद त्यांनी कधी पुढं पाठवला नव्हता. वेदिकाला तेवढ्या वेळात उत्तर टाइप करता आलं असतं. तिनं केलं नाही. तांदूळ तीन किलोवर आला. नव्या बेरजेची त्यांनी खालून वर, वरून खाली अशी दोनदा पडताळणी केली. कुठं चूक निघेना.

"शिल्लक आठशे," ते म्हणाले. अपघाताची खबर वर कळवताना जो आवाज लावायचे, त्या आवाजात. मग खाली सही केली, तारीख घातली आणि कागद लेकीकडे सरकवला.

वेदिकानं पत्र पाठवलं. लॅपटॉपमधून बारीकसा आवाज आला, एवढंच. अभिनंदन कुणी केलं नाही. चारुलताबाई मटाराचं भांडं घेऊन आत गेल्या, सालं टेबलावरच राहिली.

श्रीपादराव उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथूनच, मागं न बघता बोलले.

"त्या आठशेमधून एक खुर्ची जास्तीची घेऊन ठेव. प्लास्टिकची चालेल."