सहा खोल्यांचा एक पाइप

"ओता," डॉक्टर म्हणाली.

नळवाल्या काकांनी निळ्या रंगाने भरलेली बादली पहिल्या खोलीतल्या जाळीवर उपडी केली आणि पाठोपाठ रबरी नळी पूर्ण सोडली. पाणी गटगट करत खाली गेलं.

"आता दहा मिनिटं," काका म्हणाले. "दोन ते सहाच्या जाळ्यांवर नजर ठेवायची. कुठेही निळं वर आलं, तर फरशी फोडायची."

डॉक्टर दुसऱ्या खोलीच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

दवाखान्यामागच्या या सहा खोल्या तिने दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने बांधल्या होत्या. बाहेरगावी जाणारे लोक आपली कुत्री इथे ठेवून जात. आजारी जनावर आलं तर ते पहिल्या खोलीत. काकांनी तेव्हाच घसा कोरडा केला होता. "प्रत्येक खोलीचा पाइप वेगळा काढा, थेट बाहेरच्या चेंबरपर्यंत. सहाही जाळ्या एका पाइपात सोडल्या, तर जोराने धुताना पाइप तुंबतो. मग एकीची घाण दुसरीत वर येते." पण काकांना उठसूट काहीतरी फोडायचंच असे, आणि डॉक्टरला काम लवकर उरकायचं होतं. एकच पाइप घाला, असं तिने हसत सांगितलं. जाळ्या कोणत्या, उतार किती, तेही तिनेच ठरवलं.

महिन्यापूर्वी पहिल्या खोलीत पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांची जीवघेणी हगवण, झालेलं पिल्लू आलं. ते वाचलं नाही. मग दुसऱ्या खोलीतलं गेलं, मग तिसऱ्या, मग पाचव्या. ही तिन्ही धडधाकट आली होती. रोग विष्ठेतून पसरतो एवढं तिला ठाऊक होतं, पण एका खोलीतून दुसरीत तो गेला कसा? "रागावत नाही हो, पण कशाने गेलं तेवढं सांगा," एका आजोबांनी फोनवर विचारलं होतं.

गेले नऊ दिवस नवी लागण नव्हती. नवं जंतुनाशक लागू पडलं असावं. तरी सोमवारी खोल्या पुन्हा भरणार होत्या, त्याआधी कारण सापडायलाच हवं होतं. आणि कारणं दोनच असू शकत होती. एक तिचा पाइप, नाहीतर मावशी.

मावशी दवाखाना उघडल्या दिवसापासून झाडलोट करत होत्या. अकरा वर्षं. डॉक्टरच्या बाळंतपणात उशाशी बसून राहिल्या होत्या त्या मावशीच. पण हल्ली त्यांचं काय बिनसलं होतं कोण जाणे. खोल्या फक्त नळीने धुवायच्या, फडकं वापरायचं नाही, जाळ्यांना हात लावायचा नाही, असे नियम भिंतीवर ठळक लिहिलेले होते. तरी मावशी एकेका खोलीत फडकं आणि बादली घेऊन फतकल मारून बसत. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास.

"अहो, एका फडक्याने सगळीकडे रोग फिरवताय तुम्ही!" परवा डॉक्टर कडाडली होती.

"प्रत्येक खोलीचं फडकं वेगळं आहे, ताई."

"पण नळी असताना फडकं कशाला?"

"नळीने बरं नाही वाटत," एवढंच बोलून मावशी पुन्हा खाली बसल्या होत्या.

आत्ता त्या उरलेली दोन कुत्री घेऊन अंगणात होत्या. आत कसली तपासणी चालली आहे, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

काका गुडघे टेकत एकेका जाळीत बॅटरी मारत होते. "दोन, कोरडी. तीन, कोरडी."

डॉक्टरचा जीव टांगणीला लागला होता. निळं दिसलं, तर ती तीन पिल्लं तिने मारली. नाही दिसलं, तर मावशींनी. निळं दिसू नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

"चार कोरडी. पाच, सहा, कोरड्याच." दहाची पंधरा मिनिटं झाली. काका मागच्या दाराने जाऊन चेंबरचं झाकण उचलून आले. "निळं पाणी तिकडे निघतंय. डॉक्टर, मी हरलो."

तिला हायसं वाटलं. इतकं, की स्वतःचीच लाज वाटली.

मावशी कुत्री बांधून आत आल्या, तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. "मावशी, उद्यापासून येऊ नका."

"माझं काही चुकलं का?"

"तीन पिल्लं गेली. रोग पाइपातून गेला नाही, ते आत्ताच पाहिलं आम्ही. मग उरलं काय, तुम्हीच सांगा."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांच्या हातातल्या बॅटरीकडे.

"नियम मोडला खरा मी," त्या म्हणाल्या. "चार नंबरच्या म्हातारीला गोळी दुधातून द्या. नुसती घेत नाही ती."

किल्ल्या खिळ्याला अडकवून त्या गेल्या.

पहिल्या खोलीत नळी अजून धो धो वाहत होती. जाण्याआधी जागा साफ करावी म्हणून काकांनी दुसऱ्या खोलीत बादलीभर साधं पाणी ओतलं. ते जाळीभोवती फिरलं आणि तिथेच उभं राहिलं.

काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी जाळी उचलली आणि भोकात कोपरापर्यंत हात घातला.

"बूच आहे. लाकडाचं. वर कापड गुंडाळून सुतळीने आवळलंय. आठवडाभर तरी भिजलेलं असेल." ते तिसऱ्या खोलीत गेले, तिथून चौथ्या. "इथेही आहे. इथेही."

"सगळीकडे?" डॉक्टरने विचारलं.

"पाच ठिकाणी. पहिली तेवढी मोकळी."

तिने दाराकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"काढू?" काकांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान डोलावली. काकांनी दुसऱ्या खोलीतलं बूच दोन्ही हातांनी ओढून काढलं, आणि त्या भोकातून निळं पाणी भसाभसा फरशीवर वर आलं.