सोबतीला

"तू हो पुढे," तो म्हणाला. हे तो चौथ्यांदा सांगत होता.

"जाऊ की बरोबरच," आई म्हणाली. हेही चौथ्यांदाच.

तेराव्या किलोमीटरची पाटी समोर दिसत होती, पण काही केल्या जवळ येत नव्हती. काल संध्याकाळीच तो परदेशातून आला होता. दोन विमानं, एकोणीस तास, शेजारी अघळपघळ बसलेला धिप्पाड माणूस, आणि झोपेचं नाव नाही. पाय असे सुजले होते की सकाळी बूट चढवायला आईलाच हात लावावा लागला. बहिणीनं फोनवर बजावलं होतं, "गपचूप झोप काढ. उगाच शहाणपणा करू नकोस." पण ऐकेल तो भाऊ कसला!

कारणही तसंच होतं. तीस वर्षं शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली त्याची आई, साठी उलटल्यावर धावायला लागली होती. मागच्या वर्षी ती याच एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरली, आणि सतराव्या किलोमीटरला मागच्या गाडीनं तिला गाठलं. तीन तासांत जे पोचणार नाहीत, त्यांना ही गाडी वाटेतच उचलते. त्यांची शर्यत तिथेच संपते. तीन दिवस आई कुणाशी धड बोलली नाही. तेव्हा यानंच तिकडून छाती ठोकून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी मी येतो. तुला ओढत नेतो की नाही बघच!"

आता कोण कुणाला ओढत होतं, ते रस्त्याकडेला टाळ्या वाजवणाऱ्यांनाही कळत होतं.

आईनं वर्षभर रोज मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या. तिला साधी धापही लागलेली नव्हती. ती वीस पावलं पुढे जायची, थांबायची, त्याच्याकडे बघून हसायची. त्या हसण्यानं त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

मागे हॉर्न वाजला. पिवळा झेंडा लावलेली गाडी वळणावर आली होती.

"आई, गाडी आली!"

"येऊ दे. मागच्या वर्षी बसलेच होते की. ऐसपैस आहे आत."

ती हसतच बोलली. जोवर आपण रस्त्यावर आहोत तोवर ही बाई पुढे जाणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. आपण लंगडत फार तर आणखी एक किलोमीटर रेटू, मग दोघंही गाडीत. तिचं अख्खं वर्ष पाण्यात, आणि तेही आपल्या सोबतीपायी.

तो थांबला. त्यानं हात वर केला. गाडी शेजारी आली, आतल्या माणसानं त्याच्या छातीवरचा नंबर काढून घेतला आणि त्याला वर ओढलं.

आई धावत मागे आली. झालं, आता हीसुद्धा चढणार! त्यानं दार आतून घट्ट धरून ठेवलं. "अजिबात यायचं नाही! मला काही झालेलं नाही. नुसता थकलोय."

आईनं खिडकीतून हात घालून त्याचं कपाळ चाचपलं. ताप नव्हता. तिचे डोळे भरून आल्यासारखे दिसले.

"मावशी," ड्रायव्हर म्हणाला, "गाडीच्या पुढे आहात तोवरच शर्यतीत आहात. चढताय की पळताय?"

आईनं पदराऐवजी टी-शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, पाठ फिरवली आणि पळता पळताच ओरडली, "मेल्या, पाच किलोमीटर झाले देवाला विनवतेय, याला गाडीत बसायची बुद्धी दे म्हणून!"