डोळे मिटून पाऊण तास

“डोळे उघडू नकोस हं. मलम आत गेलं तर चरचरेल,” नवऱ्याने बजावलं आणि तिच्या दोन्ही पापण्यांवर कापसाच्या चकत्या ठेवल्या.

ती पलंगावर निमूट पडून राहिली.

पापण्यांवरच्या गाठींत दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागे. पहिल्या खेपेला सुई टोचली तेव्हा या शाळामास्तरणीने दवाखाना डोक्यावर घेतला होता. मग नर्सने बधिर करणारं मलम सुचवलं. आता टोचलेलं फारसं कळतही नसे. मलम दवाखान्यातच लावायचं ठरत होतं, पण नवरा अडून बसला. “घरीच लावून जाऊ. मी लावतो ना!”

एरवी पाण्याचा पेलाही हातात मागणारा माणूस! तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात गेल्या खेपेला नर्स सहज बोलून गेली, “पाऊण तास कशाला ठेवता? वीस मिनिटं पुरतात.”

मग उरलेली पंचवीस मिनिटं कोणासाठी?

सहा महिन्यांपूर्वी त्याने घड्याळदुरुस्तीचं चालतं दुकान बंद केलं. का, तर म्हणे कंटाळा आला. कामापुढे ज्याला जेवायची शुद्ध नसे, त्याला कंटाळा! हल्ली फोन वाजला की तो गॅलरीत जाऊन बोले.

आता डोळे मिटलेले असताना तिचे कान तिखट झाले होते. सावकाश पडणारी पावलं. खण सरकल्याचा आवाज. कुजबुज. मध्येच एका बाईचं हसू.

“कोण आलंय हो?”

“कोणी नाही. रेडिओ लावलाय. तू पडून राहा.”

रेडिओ बिघडून गेल्या वर्षीच माळ्यावर गेला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षांचा संसार, आणि माझेच डोळे झाकून माझ्याच घरात ही थेरं! तिने चकत्या भिरकावल्या, रुमालाने मलम पुसलं आणि अनवाणी दारापाशी गेली.

बाहेरच्या खोलीत तो एकटाच होता. डोळे घट्ट मिटलेले, एक हात भिंतीवर.

“अकरा, बारा... इथे कपाटाचा कोपरा,” तो पुटपुटला आणि पुढची खुर्ची चाचपू लागला.

टेबलावरच्या फोनमधून बाईचा आवाज आला, “घाई नको, काका. डॉक्टर अजून सहा महिने म्हणालेत ना? नजर पूर्ण जाईपर्यंत सगळं घर तोंडपाठ होईल तुम्हाला.”