गाडी तापली

इंजिनाला जादा जोर देणाऱ्या सुपरचार्जरची गाडी हौसेनं घेतली वेंडेलनं, पण ट्रॅकवर ती पळवायची त्याची बायको मार्लिस. "बायकोशेजारी बसायला टरकतोस काय रे?" असं मित्रांनी डिवचलं, म्हणून आज तोही हेल्मेट चढवून बसला. दुसऱ्याच फेरीत, उताराच्या वळणावर गाडी मागून घसरली आणि वेंडेलची बोबडीच वळली. थांबव म्हणावं, तर मित्र कठड्यापाशी उभे.

तेवढ्यात मार्लिस म्हणाली, "इंजिन तापलंय. सुपरचार्जरचं हे असंच, त्यात हे टेक्ससचं ऊन! एक फेरी सावकाश मारते, वारा लागू दे, मग आत घेते."

"घे, घे! उगाच गाडीचं वाटोळं नको." वेंडेलचा जीव भांड्यात पडला.

"एवढ्यात आलात?" मित्रांनी विचारलं.

"तापली ना!" वेंडेल ऐटीत म्हणाला.

मार्लिसनं बॉनेट उघडलं आणि बिअरसाठी आणलेली बर्फाची पिशवी इंजिनावर ठेवली. जाणत्यासारख्या माना डोलावत मित्र पांगले.

वेंडेलनं हळूच विचारलं, "तापमानाचा काटा कुठवर गेला होता गं?"

दुसरी पिशवी त्याच्या मानेवर ठेवत ती म्हणाली, "गाडीचा? जागचा हललाही नाही."