चार रकाने

माय चेनाईचं, म्हणजे चेनाईच्या आईचं, पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मळ्याच्या कचेरीतले कारकून मुसेकीवा यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र शर्टाच्या खिशात होतं. हात सारखा तिकडे जाई आणि चटका बसल्यासारखा मागे येई.

आज विम्याचे फॉर्म जायचे होते. चहामळ्यावरच्या प्रत्येक कामगाराच्या चार मुलांना यंदापासून दवाखाना फुकट. चारच का, तर मुसेकीवांनी काढलेली सरासरी तीन पूर्णांक आठ आली होती आणि साहेबांनी ती चारवर नेली. गणित त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं. बराकीतल्या बिनलग्नाच्या पोरांची शून्यं त्यात होती. खुद्द त्यांचंही एक शून्य होतं.

मळ्यावर पानं खुडणाऱ्या माय चेनाईला सहा मुलं. नवरा मागच्या हिवाळ्यात गेला. सही केलेल्या कोऱ्या फॉर्मसोबत तिने लिहिलं होतं, ‘थोरले बाबा, कोणती दोन सोडू? हिशेब तुम्ही केलात, नावंही तुम्हीच भरा.’ खाली सहाही नावं, वयासकट.

“मामा, विमेवाल्यांची गाडी हॉर्न मारतेय,” शेजारच्या टेबलावरची लव्हनेस म्हणाली. “तुमचा फॉर्म कोराच ना? टाकते गठ्ठ्यात.”

“थांब जरा.”

“मघापासून थांबलेच आहे. खुर्चीत मुंग्या झाल्यात का तुमच्या?”

“ती मला थोरले बाबा म्हणते.”

“म्हणणारच. तिच्या नवऱ्याचं देवक सिंह, तुमचंही सिंह. तो गेल्यावर त्याच्या पोरांचे बाप तुम्हीच की.” ती हसली. “नुसतं म्हणायला काय जातंय!”

मुसेकीवांनी पेन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. माय चेनाईच्या फॉर्मवर त्यांनी धाकटी चार नावं भरली. मग स्वतःचा फॉर्म ओढला. पहिल्या रकान्यात लिहिलं, चेनाई. दुसऱ्यात, तफारा. नात्याच्या जागी, वडील. अक्षर वाकडं आलं.

लव्हनेसने मान पुढे काढली. तिचं हसू मावळलं. “मामा, कुणी विचारलं तर? पेन्शनला वर्ष राहिलंय तुमचं.”

“देवक विचारतील. सिंह सांगेन.”

“आणि तुमची सरासरी? ती वरच्या ऑफिसात गेलीय साहेबांच्या सहीने. आता बदलली तर?” तिने कॅल्क्युलेटर ओढला.

दोन्ही फॉर्म गठ्ठ्यात सरकवून मुसेकीवांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘कुणालाच सोडलं नाही. थोरली दोघं माझ्याकडे.’ पाकीट चिकटवलं आणि ते दाराकडे निघाले. मळ्याच्या टपालाची थैली तिथे खिळ्याला टांगलेली होती.

“मामा,” मागून लव्हनेस म्हणाली, “पोरं तेवढीच, कामगार तेवढेच. आकडा जागचा हललाच नाही हो!”

पाकीट थैलीच्या तळाशी जाऊन पडलं.